पाहिल्याशिवाय सही नाही

आमच्या ब्रेडाच्या घरात, पुढच्या दाराशेजारी, एका खिळ्याला पितळी ओळंबा टांगलेला आहे. येणारे डच लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. भारतातून आलेले पाहुणे विचारतात, "हे काय, गवंडीकाम सुरू केलंस की काय?" मी सांगते, तो माझा नाही, माझ्या चार्जमध्ये आहे. तसा कागद आहे माझ्याकडे, तारखेनिशी आणि दोघांच्या सह्यांनिशी. हा चार्ज मला देऊन गेले ते मेश्राम काका.

काका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सुजाताचे वडील. नागपूरचे. बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून चिकटले आणि पस्तीस वर्षांनी निवृत्त झाले. २०२०च्या मार्चमध्ये ते लेकीचं घर पाहायला एकटेच आले. त्यांची बायको शाळेत मुख्याध्यापिका. अख्खी शाळा तिला बाई म्हणायची म्हणून काकाही बाईच म्हणायचे. परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात बाई येणार आणि जूनमध्ये दोघं मिळून परत जाणार, असा बेत होता. काका आले, सुजातानं गोड बातमी सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात जगातली विमानं जमिनीवर बसली. बाई तिकडे, काका इकडे. पुढे खास विमानांच्या याद्या निघाल्या तेव्हा काकांनी नाव दिलं, तर बाईंनी फोनवरून फर्मान काढलं, "मला तर येता येत नाही. आता लेकीचं बाळंतपण करूनच या."

बासष्ट वर्षांच्या माणसाला बाळंतपणाची ड्यूटी लागली. व्हिसा दोनदा वाढवून घ्यावा लागला.

उंचीनं बेताचे, रंगानं सावळे, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्यावर जावयाचं, मिलिंदचं, गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट. शर्टाच्या खिशात तीन पेनं. जाकिटाच्या उजव्या खिशात मोजायचा टेप, डाव्यात ओळंबा. घराबाहेर पडताना लोक किल्ली चाचपतात तसे काका ओळंबा चाचपायचे. माणूस मुळात काळजीखोर, आणि नोकरीही काळजी करायचीच मिळालेली. कुठल्याही भिंतीकडे बघताना ती कधी पडेल हा प्रश्न त्यांना आधी पडायचा. ती सुंदर आहे हे मागाहून, जमलं तर.

मी स्वतः काही कमी नाही. मी पुण्याची. डिपेन्डन्ट व्हिसावर आले, चार वर्षं घरी बसून डच शिकले आणि आता इथल्या एका मालवाहतूक कंपनीत ट्रक वेळेवर पोचतात की नाही याची काळजी करण्याचा पगार घेते. तेव्हा आमचं दोघांचं जमलं यात नवल नाही.

सगळं बंद झालं त्याच आठवड्यात काकांनी आमच्या गल्लीच्या फुटपाथवर खडूनं रेघा मारल्या. टेप लावून, बरोबर दीड-दीड मीटरवर. समोरच्या डच आजीनं दार उघडून हे काय चाललंय म्हणून विचारलं. काका ताठ उभे राहून म्हणाले, "मॅडम, फॉर युवर सेफ्टी." आजीनं आत जाऊन त्यांच्यासाठी रंगीत खडूंचा डबा आणला. तेव्हापासून संध्याकाळी आमचा फेरफटका त्या रेघांवरून. मी पुढच्या रेघेवर, काका मागच्या, आणि बोलणं मोठ्यानं.

"काय पुणेकरीण, आज किती ट्रक हरवले?"

"एकही नाही."

"पाहिले?"

"सिस्टिममध्ये पाहिले."

"सिस्टिममध्ये मीही पाहिले आहेत बापा, न बांधलेले पूल. पाहिल्याशिवाय सही नाही."

हे त्यांचं पालुपद. दूध संपलं का, या साध्या प्रश्नालाही ते फ्रीज उघडून पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणत नसत. सुजाता चिडायची. मिलिंद बिचारा ‘हो बाबा’ म्हणून पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा.

मे महिन्यात थोडी मोकळीक मिळाली तशी मी त्यांना गावातली जुनी घरं दाखवायला नेलं. एका घरासमोर काका थबकले. दर्शनी भिंत रस्त्याकडे झुकलेली. त्यांनी मागं सरून एक डोळा मिटला, ओळंबा काढून दोरी धरली. "काहून बापा, हे तर पुढं येऊन राहिलं! आत माणसं राहतात?" मी म्हटलं, राहतात, तीनशे वर्षं राहतात. पण त्या रात्री काकांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी नगरपालिकेला, म्हणजे इथल्या खेमेंटेला, इंग्रजीत पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, भिंत ओळंब्यात नसल्याचं माप, आणि शेवटी ‘तरी योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ या अर्थाचं वाक्य. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या दक्षतेबद्दल आभार, पण पूर्वी इथं घरं मुद्दाम पुढं झुकती बांधत, वरच्या मजल्यावर दोरीनं सामान चढवताना ते भिंतीला घासू नये म्हणून. काकांनी ते पत्र चार वेळा वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, "मुद्दाम असेल तर ठीक आहे. पण कोणीतरी विचारायला पाहिजे ना."

बाळंतपणाची तयारी त्यांनी कामाचं टेंडर काढावं तशी केली. डिंकाच्या लाडवांचं प्रमाण बाईंकडून व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि वहीत लिहिलं : डिंक, खारीक, खोबरं, एकास दोनास चार. "म्हणजे आपलं काँक्रीटच की!" म्हणून स्वतःवरच खूश झाले. तुपाचा अंदाज मात्र बाईंनी ‘लागेल तेवढं’ असा दिला, त्यावरून नवरा-बायकोत वाद झाला. लागेल तेवढं हे माप आहे का? शेवटी पहिली खेप झाली तेव्हा काकांनी एक लाडू टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहिला. तो फुटला नाही. काकांनी पास केला. मी खाऊन पाहिला, माझी दाढ दुखली, पण ते मी सांगितलं नाही.

आता त्या रिंगांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

बाई रोज दुपारी जेवून, रक्तदाबाची गोळी घेऊन काकांना मिस्ड कॉल द्यायच्या. दोन रिंग आणि कट. नागपूरची दीडची वेळ, आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा. ही पद्धत काका साइटवर असायचे तेव्हाची. तेव्हा साइटच्या ऑफिसात एकच फोन, बोलायला पैसे पडायचे. दोन रिंग म्हणजे जेवले, सगळं ठीक. तिसरी वाजली तर उचला. आता फोन फुकट झाले, माणसं एकमेकांची तोंडं पाहत बोलायला लागली, तरी यांची दुपारची रिंग चालूच. दहाला फोन वाजला की काका हातातलं काम थांबवून मोजायचे, मग दोन बोटं वर करून जो समोर असेल त्याला सांगायचे, "जेवली." कधी मला, कधी समोरच्या आजीला. सहा महिन्यांत आजीलाही कळायला लागलं होतं. तीही खिडकीतून दोन बोटं वर करायची.

ऑगस्ट संपता संपता नागपूरच्या बातम्या वाईट यायला लागल्या. रोज कुणाचं तरी नाव. बाईंनी घराबाहेर पडायचं नाही, भाजीसुद्धा बाईंचा धाकटा भाऊ प्रशांत दारात ठेवून जाईल, असा बंदोबस्त काकांनी इथून केला होता. पण इथून केलेल्या बंदोबस्तावर सही कशी करायची?

सप्टेंबरचा पहिला मंगळवार होता. मिलिंद आमच्या मागच्या बागेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मास्क नाही, पायात चप्पल, चेहरा उतरलेला.

"ताई, आईंना काल रात्री अॅडमिट केलंय. ऑक्सिजन लावलाय. प्रशांतमामाचा फोन आला होता."

"काकांना सांगितलंस?"

"नाही. सुजातालाही नाही. तिचं बीपी वाढलंय, सुईणीनं ताण नको म्हणून बजावलंय. आणि बाबांना सांगून ते करतील काय? विमानात जागा नाही. मी यादीवाल्यांच्या मागे लागलोय. तिकीट हातात पडलं की त्याच मिनिटाला सांगतो."

मला ते पटलं नाही. पण मी नाही म्हणाले नाही. आपल्याकडे परगावच्या माणसाला वाईट बातमी अशीच हप्त्याहप्त्यानं देतात. माझे आजोबा गेले तेव्हा मलाही आधी ‘तब्येत जरा बरी नाही’ असंच कळवलं होतं, आणि त्याबद्दल मी घरच्यांना आजपर्यंत माफ केलेलं नाही.

"उद्या त्यांना मिडलबर्गला न्यायचं होतं मला," मिलिंद म्हणाला. "महिनाभर म्हणतायत. रद्द केलं तर संशय येईल. तुम्ही न्याल का? उद्या बुधवार, तुमची सुट्टी असते. मी इथं फोन करत बसतो."

"आणि दहाची रिंग?"

"ती मामा देतोय. आईंच्या फोनवरून. आजही दिली, दोन बरोब्बर."

मिडलबर्ग हे काकांचंच खूळ. नैर्ऋत्येला समुद्राजवळचं जुनं शहर. महायुद्धात त्याचा मधला भाग एका दिवसात जळून गेला आणि डच लोकांनी तो पुन्हा जुन्यासारखाच बांधून काढला. हे काकांनी कुठंतरी वाचलं, मिलिंदकडून माहिती छापून घेतली, खुणा केल्या. सगळं पडल्यावर होतं तसं बांधतात म्हणजे काय करतात, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

सकाळी सव्वाआठला आम्ही ब्रेडा स्टेशनवर. काकांच्या पाठीवर डब्याची पिशवी, तोंडावर दोन मास्क. मी त्यांना खिडकीची जागा दिली. रोझेन्डालला गाडी बदलली. नेहमी काका रुळांच्या कडेचं प्रत्येक बांधकाम वाचत बसायचे. त्या दिवशी फोन हातात धरून बसले होते, खिशात नव्हता. मी माझा फोन मांडीवर उलटा ठेवला होता. दर पाच मिनिटांनी सुलटा करायचा, मिलिंदचं काही नाही, परत उलटा. बाहेर सपाट शेतं, मग पाणी, मग परत शेतं.

मिडलबर्गला उतरून कालव्यावरच्या पुलावर आलो आणि दहा वाजले. फोन वाजला. एक. दोन. थांबला.

"जेवली," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकला. बोटं वर केली नाहीत. ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मी फक्त श्वास सोडला.

गाव सुरेख होतं. विटांचे रस्ते, उतरत्या छपरांची घरं, बाजारचौकात कॅफेच्या खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "किती जुनं आहे ना सगळं."

"जुनं नाही. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठं, बस्स." त्यांनी एका घराच्या कपाळावर कोरलेलं साल दाखवलं. चाळीसच्या दशकातलं. "पण जुनं दिसायला पाहिजे असं ठरवून केलं. मेहनत आहे."

मग ते सुरू झाले. भिंतीवर तळवा ठेवायचा आणि सरकवत न्यायचा. दहा पावलं, थांबायचं, परत. लोक वळून पाहत होते. त्या दिवसांत अनोळखी भिंतीला कुणी बोटसुद्धा लावत नव्हतं. मी मागून सॅनिटायझरची बाटली घेऊन.

"काका, काय शोधताय?"

"सांधा. जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं लागलं, तो."

तो त्यांना जुन्या मठाच्या आवारात सापडला. मठही जळाला होता, उरलेल्या भिंतींवरच तो परत उभा केलेला. काकांनी माझा हात दगडावर ठेवायला लावला. "खालचा जुना. वरचा नवा. रंग मिळवला, घडाई मिळवली. डोळ्याला नाही कळत. पण हाताला लागतो. लागला?"

मला काही लागलं नाही. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या हातानं फोन पाहिला.

"कोणाचा मेसेज येऊन राहिला इतका?"

"ऑफिसचा."

काका पुढच्या दगडाकडे वळले. डच माणूस सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा मेसेज पाठवत नाही, एवढं त्यांना सहा महिन्यांत कळलेलं होतं.

आवारात झाडाखाली बाक होता. दोघं दोन टोकांना बसलो. काकांनी डबा उघडला. पोळ्या, लसणाची चटणी, एकेक लाडू. मला वाढलं. स्वतः पोळीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसले.

"भूकंपानंतर मराठवाड्यात ड्यूटी लागली होती माझी," ते एकदम म्हणाले. "दोन वर्षं. एक गाव पुन्हा बसवायचं होतं. गावातले लोक म्हणायचे, साहेब, होतं तसंच बांधा. वेस तिथं वेस, देऊळ तिथं देऊळ. एक म्हातारी तर रोज यायची. घर दिलं तुम्ही, पण माझ्या दारासमोर सखूचं दार होतं ते कुठं गेलं, म्हणायची. खरं होतं तिचं. आम्ही सरळ रेघा मारल्या होत्या."

"मग?"

"मग मी नकाशा घेऊन बसलो. होतं तसं काढायला. आणि काढता काढता हात थांबला. होतं तसं म्हणजे आमच्या लोकांची वस्ती पुन्हा ओढ्यापलीकडं." ते हसले, पण नुसतं तोंडानं. "होतं तसं बांधा म्हणणारे सगळे गावाच्या मधले होते. ओढ्यापलीकडचं कोणीच तसं म्हणत नव्हतं. मी म्हातारीला तिची सखू समोर दिली. बाकी ओढ्यापलीकडं एक रेघ नाही मारली. त्याच्यावर सही करताना हात कापला नाही माझा."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सहा महिने रोज दीड मीटरवर चालणारा हा माणूस, आणि हे मला माहीत नव्हतं. मला लाज वाटली, की अशा माणसापासून मी सकाळपासून चोरून वागते आहे.

पोळीचा तुकडा अजून हातातच होता.

"जेवा ना काका."

"जेवतो. आधी हा मनोरा पाहू."

मठाला लागून उंच मनोरा आहे. तोही त्या आगीत कोसळलेला आणि परत उभारलेला. काका पायथ्याशी गेले, डावा खिसा चाचपला, ओळंबा काढला. हात लांब करून दोरी सोडली आणि एक डोळा मिटला. ओळंबा हलत होता. ते थांबले. तरी तो हलत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं लोलक धरून स्थिर केला, सोडला. परत हलायला लागला.

"वारा आहे," काका म्हणाले.

वारा नव्हता. समोरच्या खांबावरचं निशाण लोंबत होतं.

मी जवळ गेले. किती जवळ ते मोजलं नाही. काकांनी दोरी हळूहळू गुंडाळली.

"आज पौर्णिमा आहे, माहीत आहे तुला?"

मला नव्हतं माहीत. आमच्याकडे पौर्णिमा म्हणजे कॅलेंडरच्या चौकटीतला पांढरा गोल.

"पौर्णिमेला बाईचा उपोसथ असतो, म्हणजे आमचा बौद्धांचा उपास. अष्टशील पाळते. दुपारी बारानंतर जेवत नाही. लग्न झाल्यापासून पाहून राहिलो. पौर्णिमेची रिंग साडेअकराला येते, बाराच्या आत. आपल्या इथली आठची." त्यांनी ओळंबा मुठीत धरला. "आज दहाला आली."

बिचारा प्रशांत हॉस्पिटलच्या दारात ऑक्सिजनची चौकशी करत उभा, त्याला कुठून पौर्णिमा आठवणार? त्यानं रिंगा मोजून दिल्या, वेळ सांभाळली, आणि तिथंच चुकला.

"आहे ना ती?" काकांनी विचारलं.

एवढे तीनच शब्द. ते विचारताना त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"आहे. आहे काका. परवा रात्री अॅडमिट केलंय. ऑक्सिजन लावलाय. मिलिंद तिकिटासाठी बसलाय सकाळपासून. मी तुम्हाला सांगणार होते..."

"नव्हती सांगणार." रागानं नाही म्हणाले. "गाडीत तू मला खिडकी दिली ना, तेव्हाच खटकलं. कधी देत नाहीस. मग पुलावर रिंग वाजली तर माझ्याआधी तू श्वास सोडला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

काका बाकावर येऊन बसले. मास्कच्या वाफेनं चष्मा धुरकटला होता, तो काढून शर्टाला पुसत राहिले. "भीती वाटली. विचारलं असतं आणि तू नाही म्हटली असती तर? म्हटलं, भिंतीच पाहू. जोपर्यंत विचारलं नाही तोपर्यंत ती जेवली आहे."

मी रडायला लागले. ते नाही रडले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

"सुजाताला माहीत आहे?"

"नाही."

"मग मलाही माहीत नाही," काका म्हणाले. "जावई बिचारा दोन दिवस एकटा ओझं घेऊन फिरून राहिला. त्याला त्याच्या पद्धतीनं सांगू दे." मग त्यांनी डबा पुढं ओढला आणि पोळी खाल्ली. दोन्ही पोळ्या, चटणी, लाडूसुद्धा. भूक नसताना माणूस कसा खातो ते मी तेव्हा पाहिलं. "तूही खाऊन घे. आता धावपळ आहे."

परतीच्या गाडीत मिलिंदचा मेसेज आला. शुक्रवारची जागा मिळाली, बाबांना काही बोलू नका, घरी आले की मी सांगतो. मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. "मी हे पाहिलं नाही," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या गोष्टीवर सही नाकारली.

घरी मिलिंदनं सांगितलं. अडखळत, पाणी पीत. मी दाराशी उभी होते. काकांनी ‘केव्हापासून?’ विचारलं, ‘कोणत्या हॉस्पिटलात?’ विचारलं, खुर्चीचा हात धरून खाली बसले. सगळं असं, की मलाही क्षणभर खरं वाटलं. सुजाता रडायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी जाऊन पाहतो ना. तू पोटातल्याकडं पाहा. एकेकानं एकेक पाहू."

गुरुवारी सकाळी ते माझ्याकडे कागद घेऊन आले. खात्यातून बदली झाली की करतात तसा चार्ज देण्याचा कागद, दोन प्रतींत. डिंकाचे लाडू, नग बासष्ट, तयार केल्याची तारीख डब्यावर. अळीव, एक किलो. बाळंतिणीला द्यायच्या खिरीचं प्रमाण, वहीचं पान तेरा. रंगीत खडू, एक डबा. आणि शेवटी : ओळंबा पितळी, एक.

"हा कशाला काका? हा तुमच्याजवळ असू द्या."

"विमानतळावर टोकदार वस्तू म्हणून काढून ठेवतील. तुझ्याकडं राहू दे. नातू झाला की नातीचा झोका बांधशील, तेव्हा खिळा सरळ आहे का पाहा." नातू की नात, ते त्यांच्याच लक्षात आलं नाही. मी सही केली. त्यांनी आधी सगळे लाडू मोजून घ्यायला लावले, मगच करू दिली.

"आणि तिकडचं कळवा. रोज."

"रोज काय कळवू? मिलिंद सांगेलच ऑक्सिजन किती ते." जरा थांबून म्हणाले, "ती जेवली की तुला रिंग देईन. ती स्वतःच्या हातानं जेवली, मी पाहिलं, की दोन."

शुक्रवारी मिलिंदच्या गाडीत काका मागं बसले. दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातमोजे. डोळेसुद्धा धड दिसत नव्हते. समोरची आजी दारात आली होती. सुजाता खिडकीत, पोटावर हात ठेवून. मी वेड्यासारखी दोन बोटं वर केली. सगळं ठीक होईल, या अर्थानं.

काकांनी काच खाली केली आणि मान हलवली.

"पाहिल्याशिवाय सही नाही," ते म्हणाले. गाडी निघाली. डावा हात जाकिटाचा रिकामा खिसा चाचपत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

रविवारी ते नागपूरला पोचले. दिल्लीत कागद दाखवून विलगीकरणातून सूट मिळवावी लागली. वॉर्डात सोडत नव्हते. दारापर्यंत जायचे, काचेतून पाहायचे, यायचे, असं मिलिंद सांगायचा. रोज विचारलं की तो म्हणायचा, तशाच आहेत. एकदा म्हणाला, जरा जास्त. मी सुजाताला खीर करून द्यायचे, पान तेरा, आणि रोज पावणेदहापासून माझं कामातलं लक्ष उडायचं. फोन डाव्या हाताशी, आवाज पूर्ण मोठा. दहा वाजायचे. सव्वादहा व्हायचे. माझे ट्रक चुकायला लागले. समोरची आजी खिडकीतून माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी ऑनलाइन मीटिंग चालू होती, माझा कॅमेरा सुरू, मीच आकडे वाचून दाखवत होते. फोन वाजला. पडद्यावर ‘मेश्राम काका नागपूर’.

एक.

मी वाचायची थांबले.

दोन.

तिसरीची वाट पाहत मी टेबलाची कड धरून बसले. सगळे चौकटींतून माझ्याकडे पाहत होते. तिसरी आली नाही. मी घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं आणि हातातलं. दहाला दोन मिनिटं. फोन उलटा केला, सुलटा केला, आणि मग त्या सगळ्यांसमोर मला रडू आवरेना.

माझ्या साहेबीणबाईनं घाबरून विचारलं, काय झालं, ठीक आहेस ना?

"जेवली," मी म्हटलं. मराठीतच.